सिमिटाचा वाघ आणि साखरशेतची चूल

गाडीत बसताना गौराबाईनं देवाचं नाव घेतलं, आणि पुढं बुधाची पाठ नि मागं पुंजाची पाठ बघून आणखी एकदा घेतलं. मधल्या पेंढ्यावर ती, तिच्या दोन अंगांना दोन भावजया, बुधाची कमळा आणि पुंजाची कोंडी, आणि कमळाच्या मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. गाडी साखरशेतच्या वेशीबाहेर पडते न पडते तोच सुरू झालं.

"चांद्या," बुधा डाव्या बैलाला म्हणाला, "मागं बसलेल्या माणसाला सांग, गाडी उलार होतेय. जरा पुढं सरकायला सांग."

चांद्यानं नुसता कान हलवला.

"कोशा," मागून पुंजानं उजव्या बैलाला हाक दिली, "पुढच्या माणसाला सांग, आम्ही आमच्या जागी बसलोय. दुसऱ्याच्या जागेवर बसायची आम्हाला सवय नाय."

"चांद्या, इचार त्याला, सवय नाय तर शिमग्याआधी काय झालं होतं?"

"अरे, बैलांना गाडी तरी ओढू द्या!" गौराबाई म्हणाली. "त्यांनी निरोप पोचवायचे का जू ओढायचं?"

दोन्ही भाऊ गप्प झाले. बहिणीपुढं ते अजूनही गप्प होत. आई गेली तेव्हा बुधा सात वर्षांचा होता आणि पुंजा रांगत होता. गौराबाई कपाळ पुसून माहेरी परतली ती तेव्हाच, आणि तिनंच दोघांना पेज भरवून वाढवलं. आता बुधाच्या मिशा पिकल्या होत्या, पुंजा शाळेत शिपाई लागून खाकी टोपी घालत होता. पण "बाय" म्हणून हाक मारली की दोघांचाही आवाज तोच, पेज मागणारा.

भांडण कशावरून म्हणाल, तर हारावरून. शिमग्याच्या आधी गावात नाशकाकडचे बुवा कीर्तनाला आले होते. कीर्तन उभं राहण्याआधी बुवांना हार घालायचा आणि बुक्का लावायचा मान साखरशेतात ह्यांच्या घराचा. बापानंतर तीस वर्षं तो हार बुधा घालत आला. त्या दिवशी बुवा उभे राहिले, टाळकरी उभे राहिले, आणि बुधा घरी पागोटं शोधत राहिला. पागोट्यात मांजर व्यालं होतं. इकडं पुंजाला राहवेना. शाळेत तपासणीला येणाऱ्या साहेबांना हार घालून घालून त्याचा हात सरावलेला. त्यानं झेंडूचा हार उचलला आणि बुवांच्या गळ्यात घातला. तेवढ्यात बुधा पंचा गुंडाळून धावत आला. त्याच्याही हातात हार. पहिला काढून दुसरा घालायच्या ओढाताणीत दोरा तुटला, निम्मा झेंडू मृदंगावर सांडला आणि बुवांनी नमन सुरू केलं ते तोंडातलं एक फूल बाजूला काढून.

"एकाच चुलीवरचे आपण," पुंजा म्हणाला होता. "मी घातला काय नि तू घातला काय?"

"मान पाहिजे तर आपली चूल मांड!" बुधा रागाच्या भरात बोलून गेला.

बोललेला शब्द परत घ्यायला दोघांनाही लाज. कोंडीनं पडवीत नवी चूल मांडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती पेटवायची आणि वेगळं व्हायचं, असं ठरलं. सव्वा महिना झाला, भाऊ भावाशी बोलला नाही. गौराबाईनं आजवर रामभरताची कथा निदान वीस वेळा ऐकली असेल. जव्हारच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन तिनं कधी चुकवलं नव्हतं. भरत पादुका डोक्यावर घेतो तिथं तिच्या डोळ्यांत दर खेपेला पाणी यायचंच. आणि तिच्या घरचा भरत? त्यानं परवाच रामाच्या वहाणा गोठ्याच्या आढ्यावर लपवून ठेवल्या होत्या.

म्हणून बागेचा हा घाट. राजाचं राज्य सरकारात जाऊन तीन वर्षं झाली होती. जव्हारची दरबारची बाग आता सगळ्यांना मोकळी होणार, कारंजाचं पाणी सोडायला ठाण्याहून साहेब येणार, अशी बाजारात दवंडी फिरली. गौराबाईनं ती ऐकली आणि घरी येऊन अंथरूण धरलं. "मरायच्या आधी मला बाग दाखवा," ती म्हणाली. "दोघांनी. एका गाडीतून." मरायच्या आधी म्हणून तिनं आजवर एक तांब्याची घागर, घरी दोन कीर्तनं आणि एक म्हैस मिळवली होती. भावांना ते ठाऊक होतं. तरी ते आले.

बाजारात गाडी थांबवून गौराबाईनं घरच्या मारुतीसाठी शेंदराची पुडी घेतली, कनवटीला खोचली, आणि सगळे बागेच्या दरवाज्याशी आले.

दरवाज्यात लक्ष्या उभा होता. दरबारात चाळीस वर्षं पहारा केलेला हा म्हातारा आता बागेचा राखणदार झाला होता. पागोटं तेच, काठी तीच. नवी होती ती फक्त गळ्यातली शिट्टी. बुधानं दरवाज्यातच वहाणा काढल्या आणि वाकून मुजरा केला.

"अरे, मुजरा कुणाला करतोस?" लक्ष्या म्हणाला. "आत कोण नाय. आता राज्य तुमचंच."

"मंग मी मलाच केला," बुधा म्हणाला. "वहाणा घालून आत जायला पाय नाय उचलत, लक्ष्यादादा. माझा बाप इथनं जाताना वहाणा काखेत मारायचा."

पुंजा मात्र वहाणा कुरकुरवत, छाती काढून आत शिरला. दहा पावलांवर फळा होता. चार इयत्ता शिकलेल्या पुंजानं तो मोठ्यानं वाचला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, खास करून एकाला. "फुले तोडू नयेत. गवतावर गुरे सोडू नयेत. कारंजात कपडे धुऊ नयेत." मग तो फळ्यालाच म्हणाला, "बघ बाबा फळ्या, वहाणा काढाव्यात असं तुझ्यावर कुठं लिहिलंय का? नाय. काही लोकांना अजून कळलं नाय, राज्य बदललं ते."

इथं बैल नव्हते. बुधानं आजूबाजूला पाहिलं आणि एक लाकडी बाकडं गाठलं. "बाकड्या," तो म्हणाला, "त्या फळ्याला सांग, राज्य बदललं म्हणून बाप बदलत नाय."

गौराबाईनं कपाळाला हात लावला.

पण बाग सुंदर होती, ते तिनंही कबूल केलं. लाल कर्दळ ओळीनं उभी होती, चाफा पानं टाकून नुसत्या फुलांवर आला होता, कुंपणापलीकडं पांगारा पेटल्यासारखा दिसत होता. आंब्याला लिंबाएवढ्या कैऱ्या लागलेल्या. जामसरची, मोखाड्याची माणसं घोळक्याघोळक्यानं झाडांखाली बसली होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. देवराईत बसावं तशी सगळी जपून बसली होती.

कोपऱ्यात एक मोहाचं झाड होतं. खाली पिवळटसर फुलांचा सडा पडलेला. कमळा नि कोंडी नवऱ्यांच्या देखत एकमेकींशी बोलत नसत, रीत म्हणून. पण मोह बघितल्यावर दोघींचे पदर एकदमच कंबरेला गेले आणि दोघी शेजारी शेजारी बसून भराभर वेचायला लागल्या. लक्ष्याची शिट्टी वाजली.

"ए बायांनो! फुलं तोडू नयेत!"

"तोडली कुठं?" कमळा म्हणाली. "पडलेली येचतोय."

"बागेतली आहेत ती!"

"मंग काय झाडाला परत चिकटवू?" कोंडी म्हणाली. "ते फळ्यावर लिवलंय का बघा, पडलेली येचू नयेत म्हणून?"

"उद्या सकाळी झाडून कचऱ्यात टाकणार ना तुम्ही?" कमळा उठून उभी राहिली. "मोह कचऱ्यात? देव काय म्हणंल, लक्ष्यादादा?"

दोघींपुढं लक्ष्याचं काही चाललं नाही. तो गेल्यावर दोघी पदरात तोंड घालून हसल्या. गौराबाईला ह्याचं नवल वाटलं नाही. पडवीतली ती नवी चूल कमळानंच तर लिंपून दिली होती! कोंडीला चुलीचे थान, भांडं टेकतं ते उंचवटे, काही केल्या सारखे जमेनात, तेव्हा मोठ्या जावेनं रात्री... नाही, दिवसाढवळ्याच, नवरे शेतावर गेल्यावर माती मळून दिली, वर सांगितलं, "तोंड उगवतीला नको ठेवूस, धूर घरात येईल."

बायकांचं असं, आणि बाप्यांचं तसं. जेवायला बसताना बुधा आंब्याच्या ह्या अंगाला बसला, पुंजा त्या अंगाला. गौराबाई मध्ये बसली. अर्धी नाचणीची भाकरी तिनं बुधाच्या फडक्यातली खाल्ली, अर्धी पुंजाच्या. चटणीचं वाडगं मात्र एकच होतं, तेलातली लसणाची चटणी, आणि ते ती इकडून तिकडं सरकवत होती.

"कोरडं लागतंय," बुधा आंब्याच्या खोडाला म्हणाला.

"चटणी पलीकडं अडकलीय," खोडाच्या दुसऱ्या बाजूनं पुंजा त्याच खोडाला म्हणाला.

गौराबाईनं हातातला घास खाली ठेवला. आखाजीला आणखी सतरा दिवस राहिले होते. सतरा दिवसांनी घरात दोन धूर निघतील. मग तिनं कुठं जेवायचं? सोमवारी इकडं, मंगळवारी तिकडं? तिनं वाढवलेली दोन पोरं, आणि तीच वाटून घ्यायची वस्तू होणार. ती उठली. "जरा बाग बघून येते," म्हणाली. हातात चटणीचं वाडगं तसंच राहिलं.

बागेच्या मधोमध कारंजाचा कोरडा हौद होता आणि हौदात चौथऱ्यावर वाघ बसला होता.

राजाच्या वेळेला मुंबईहून आणलेल्या कारागिरानं तो सिमिटाचा घडवला होता. त्या कारागिरानं वाघ पाहिलेला नसावा. तोंड दाढ दुखणाऱ्या माणसासारखं होतं. पट्टे उन्हापावसानं गेलेले. उघड्या जबड्यात पितळी नळी. पण वाघ तो वाघ. साखरशेतच्या शिवेवर जो दगडाचा वाघदेव होता त्याला वाघबारशीला शेंदूर लागे, कोंबडं नि नारळ लागे. आणि हा इथं, एवढ्या मोठ्या बागेत, शेंदराच्या एका बोटाशिवाय उघडा बसलेला. किती वर्षांचा उपाशी असेल!

गौराबाई पायऱ्या उतरून हौदात शिरली.

वाघदेवाला शेंदूर लावायचं काम बाप्यांचं. बायकांनी लांबून हात जोडायचे, शिवायचं नाही. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. "बापा," ती हळूच म्हणाली, "रीत मोडते, पोटात घाल. माझं दुसरं मागणं नाय. माझ्या घरातली चूल एकच राहू दे."

तिनं कनवटीची पुडी सोडली. शेंदूर कोरडा, तो तेलाशिवाय बसत नाही. आणि तेल? तेल होतं ते वाडग्यात, लसणावर तरंगत. गौराबाई क्षणभर अडखळली. मग तिला कीर्तनातली ती भोळी भक्त आठवली, जिनं देवाला उष्टं खाऊ घातलं आणि देवानं ते मिटक्या मारत खाल्लं. "उष्टं चाललं, तर लसूण का नाय चालणार?" म्हणत तिनं बोटांनी तेल निथळलं, शेंदूर कालवला आणि वाघाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भरपूर माखला. वाघ एकदम तरतरीत दिसायला लागला. तिनं बोटं गवताला पुसली आणि काही न घडल्यासारखी परत येऊन बसली.

अर्धा तासही गेला नाही. आधी जामसरची एक म्हातारी ओरडली, "देव! अगं बाय, देव!" मग लोक धावले. कुणी नारळ फोडला, कुणी मोहाची फुलं वाहिली, आणि ती कमळाच्या पदरातलीच होती. मग शिट्टी वाजली, लांबलचक, जिवाच्या आकांतानं.

"कुणी केलं हे?" लक्ष्याचं पागोटं सुटलं होतं. "चार वाजता साहेब येणार! बागेच्या कमिटीनं वाघाला परवाच धुतला होता!" तो हौदात उतरला, वाघाजवळ नाक नेलं आणि थबकला. "शेंदराला लसणाचा वास येतोय. चाळीस वर्षं दरबारात काढली मी, देवाला लसूण कधी लागला नव्हता."

मग लक्ष्या एकेका झाडाखाली जाऊन लोकांची गाठोडी हुंगत सुटला. इथं सुकट, तिथं वालाची उसळ, पलीकडं नुसता कांदा. आंब्याखाली येऊन तो वाडग्यावर वाकला आणि सरळ उभा राहिला.

"हीच ती. बोला, तुमच्यातल्या कुणाचं काम?"

बुधानं पुंजाकडं चोरून पाहिलं, पुंजानं बुधाकडं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याचंच काम.

"बाकड्या," बुधा मोठ्यानं म्हणाला, "राखणदाराला सांग, मी नाय. ज्याला दुसऱ्याच्या आधी हात पुढं करायची घाई असते, त्याला इचार म्हणावं."

"फळ्या," पुंजा लांबच्या फळ्याला ओरडून म्हणाला, "सांग त्याला, सिमिटाला देव मानणारी खोपडी माझी नाय! जो रिकाम्या दरवाज्याला मुजरे करतो त्याला धर."

लक्ष्यानं बाकड्याकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं. "हे कुणाशी बोलतायत?"

"तसंच बोलतात ते," कमळा म्हणाली. "घरी उंबऱ्याशी बोलतात."

गौराबाईला ते सोसवेना. तिच्या पापाचं खापर पोरं एकमेकांच्या माथी फोडत होती. ती उठली. "लक्ष्या, ऐक. तो शेंदूर..."

तेवढ्यात दरवाज्यात जीप येऊन थांबली आणि लक्ष्या पागोटं गुंडाळत पळाला.

साहेब हसतमुख होते. वाघाचं तांबडं तोंड बघून ते म्हणाले, "वा! रंग फार छान दिलात!" कमिटीचे लोक घाम पुसत "हो हो" म्हणाले. भाषण झालं. मग साहेबांनी हौदाच्या काठावरचं लोखंडी चाक फिरवलं.

पाणी आलं नाही. नळीत कित्येक वर्षांची हवा कोंडलेली. आधी जमिनीच्या पोटातून खर्र असा आवाज आला, मग तो वर वर चढत वाघाच्या गळ्यात पोचला, आणि सिमिटाच्या त्या वाघानं अशी डरकाळी फोडली की बागेतले सगळे पोपट एकदम उडाले.

त्यानंतर कोण कुठं पळालं हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. साहेब कर्दळीत गेले. कमिटी चाफ्यावर चढली. जामसरची म्हातारी तेवढी जागच्या जागी हात जोडून "आले बाबा आले, नारळ आणते" म्हणत राहिली. गौराबाईनं भावांकडं पाहिलं, तर सिमिटाला देव न मानणारा पुंजा बुधाच्या कंबरेला मिठी मारून लटकला होता.

"दादा!" तो किंचाळला.

"धर! घट्ट धर!" बुधा म्हणाला. "सोडू नको!"

मग वाघाच्या तोंडातून भसकन पाणी उडालं. शेंदराचे ओघळ घेऊन ते लालट पाणी हौदात पडायला लागलं, आणि कुणीतरी म्हणालं, "देवानं पान खाल्लंय!" लोक हसले, परत आले. बुधा नि पुंजा एकमेकांना धरून उभे आहेत हे दोघांच्या एकदमच ध्यानात आलं आणि दोघं चटका बसल्यासारखे बाजूला झाले. बुधानं बोलायला बाकडं शोधलं. पळापळीत ते उलथून पाय वर करून पडलं होतं.

साहेब कर्दळीची पानं झटकत आले. माणूस समजुतीचा. त्यांनी हात जोडून उभ्या असलेल्या गर्दीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "असू दे. देव तर देव. पण बागेत शिस्त हवी. वर्षातून एकदाच शेंदूर लागेल, आणि ज्यानं आज पहिल्यांदा लावला त्यानंच तो लावायचा. ह्या देवाचा मान त्याचा. कोण तो?"

मान हा शब्द ऐकला मात्र.

"मी!" बुधा म्हणाला.

"मी!" पुंजा त्याच दमात म्हणाला.

बुधा गर्रकन वळला. ह्या खेपेला बैलाकडं नाही, बाकड्याकडं नाही. "तू? तू मघाशी म्हणालास सिमिट हाय म्हणून!"

"आणि तू काय म्हणालास? मी नाय, मी नाय!"

"ते मी दंडाच्या भीतीनं म्हणालो!"

"मी पण दंडाच्याच भीतीनं म्हणालो! तुलाच भीती वाटते काय?"

"मी वडील हाय!"

"शेंदूर लावायला वय लागतं का? बोट लागतं!"

सव्वा महिन्याचं साठलेलं सगळं बाहेर आलं. हार आला, मांजर आलं, आढ्यावरच्या वहाणा आल्या. गौराबाई ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काय गोड भांडत होते! तोंडाकडं तोंड करून, एकमेकांच्या नाकाला बोट लावून, नावं घेऊन.

"बायला इचारा!" शेवटी बुधा म्हणाला. "बाय खोटं बोलत नाय. बाय, सांग, कुणी लावला?"

सगळी बाग तिच्याकडं बघायला लागली. खरं सांगावं तर बाईमाणसानं वाघदेवाला शिवल्याचा बभ्रा, आणि मान दोघांचाही गेला. खोटं बोलावं तर इतकी वर्षं कीर्तनात बसून काय ऐकलं? गौराबाईनं पदर सावरला.

"आपल्या चुलीवरच्या चटणीचं तेल," ती सावकाश म्हणाली, "आणि आपल्या घरचा हात. ह्याच्यापुढं मी बोलणार नाय. साहेबांनी इचारलं तरी नाय."

"मग झालं तर!" लक्ष्यानं काठी आपटली. आयुष्यभर मानपान बघितलेला माणूस तो. "साहेब, आमच्याकडं मान माणसाला नसतो, चुलीला असतो. काय रे, आज तुमच्या घरी चुली किती पेटल्या?"

"एक," दोघं म्हणाले.

"मंग मान त्या चुलीचा. त्या चुलीवर जेवणारा कुणीही येऊन शेंदूर लावंल. जो उठून दुसरी चूल मांडंल, त्याचा मान इथंच संपला."

वाघ मागं पाणी ओकत होता. बुधाला धाकट्या भावजयीशी थेट बोलायची रीत नव्हती, तो बायकोकडं बघत म्हणाला, "कमळे, आपल्या पडवीत ती एक चूल दिसते..."

"कोणती?" पुंजा घाईघाईनं म्हणाला.

कमळाच्या आडून, डोईवरचा पदर पुढं ओढत कोंडी बोलली, "ती होय! ती आंघोळीच्या पाण्याला मांडलीय. बायला गार पाणी सोसत नाय ना, म्हणून."

"होय तर," कमळा म्हणाली. "मीच लिंपली की!"

"तू लिंपलीस?" आता दोन्ही भाऊ एकदम तिच्याकडं वळले.

साहेबांनी घराचं नाव विचारलं, कमिटीच्या माणसानं ते लिहून घेतलं, आणि ऊन कलायला लागल्यावर गाडी साखरशेतच्या वाटेला लागली. चढण आली तशी बैलांना हलकं करायला बाप्ये खाली उतरले. पुंजा बैलांच्या पुढं गेला. बुधा गाडीच्या मागं मागं, बहिणीच्या बाजूनं चालायला लागला.

"बाय," तो इतक्या हळू म्हणाला की तिला वाकावं लागलं, "तुझ्याशी काय लपवू? मी नाय लावला. पुंज्यानंच लावला असणार. पोरगा वरवर सिमिट सिमिट करतो, पण आतनं बापावर गेलाय. पण त्याला सांगू नको. डोक्यावर बसंल."

गौराबाईनं मान हलवली.

चढण संपली. बुधा पुढं बैलांकडं गेला, तसा पुंजा मागं आला. चाकाला हात लावून चालत चालत तोही वाकला. "बाय, खरं सांगतो, मी नाय लावला. दादानं लावला. रीत मोडून कुणाच्या बागेत शिरून देवाला शेंदूर लावायची छाती त्याचीच. पण मी कबूल करणार नाय. तू बोलू नको हं."

"नाय बोलत."

"तुला पाप नाय ना लागणार?"

गौराबाई मागं सरकून पेंढ्याला टेकली. पळसाच्या फांद्यांतून ऊन तिच्या तोंडावर हलत होतं. देवाला जे सांगायचं ते ती रात्री सांगणारच होती, आणि देव पोटात घालील ह्याबद्दल तिला शंका नव्हती. "पाप फिटायला एक उपाय हाय," ती म्हणाली. "जा, दादाला बोलव."

दोघं आले. एक ह्या चाकाशी, एक त्या चाकाशी.

"येत्या वाघबारशीला," गौराबाई म्हणाली, "दोघांनी जायचं आणि दोघांनी मिळून लावायचा. एकानं कपाळाला, एकानं हनुवटीला. म्हणजे आजचं सगळं खरं होईल."

बुधानं विचार केला. पुंजानंही केला.

"कपाळाला मी," बुधा म्हणाला.

"का? कपाळाला मी! तुझा हात पोचत नाय!"

"माझा हात पोचत नाय? ये, इथं उभा राहा, दाखवतो!"

आणि गाडीमागं, धुळीत, दोन पिकल्या माणसांनी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उंची मोजायला सुरुवात केली.